खाशाबांच्या पदकाचा हिशेब

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी मिळवून दिलं, हा क्विझवाल्यांचा लाडका प्रश्न. उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतं. खाशाबा दादासाहेब जाधव, कुस्ती, हेलसिंकी, १९५२, कांस्यपदक. आणि समोर मराठी माणूस असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं, "पण फार उपेक्षा झाली हो त्यांची!" सगळे माना डोलावतात, एखादा सरकारला दोन शिव्या हासडतो आणि मंडळी पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

उपेक्षा झाली हे खोटं नाही. पण गेले काही शनिवार-रविवार खाशाबांबद्दल मिळेल ते वाचत होतो, तेव्हा डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. उपेक्षा होते ती माणसाची. १९५२च्या त्या पदकामागे मात्र एक माणूस नव्हता, अख्खी साखळी होती. गावचे लोक, कॉलेजचे प्राचार्य, वस्ताद, दोन संस्थानांचे महाराज, एक अमेरिकन कोच. ही साखळी एकदा जुळली आणि पदक आलं. मग ती पुन्हा का नाही जुळली? देशाला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ४४ वर्षं लागली, कुस्तीतलं मिळायला ५६ आणि महाराष्ट्रातल्या खेळाडूला मिळायला तब्बल ७२! एवढा मोठा 'डाऊनटाइम' नुसत्या उपेक्षेनं येत नाही. काहीतरी मुळातच जोडायचं राहून गेलेलं असतं. आजचा लेख त्या राहून गेलेल्या गोष्टीबद्दल.

तर सुरुवातीपासून सुरुवात करू.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. पाच भावांत ते सगळ्यांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कृष्णा-कोयनेच्या काठच्या या मुलखात तेव्हा पोराला तालमीत घालणं ही काही खास गोष्ट नव्हती, शाळेत घालण्याइतकीच साधी होती. गावात तालीम, तालमीत तांबडी माती, आणि वर्षभर कुठे ना कुठे जत्रा. जत्रेत आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग हळूहळू रोख इनामाच्या आणि शेवटी अंधार पडता पडता नंबरी पैलवानांच्या. आपल्याकडे आज गल्लीत क्रिकेट जसं आपोआप येतं, तशी तिथल्या पोरांच्या अंगात कुस्ती यायची.

आणि या सगळ्याची राजधानी म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तिथे रोमचं ते प्रसिद्ध प्राचीन प्रेक्षागार पाहिलं आणि परत आल्यावर तसं कुस्तीचं मैदान आपल्याकडे हवं म्हणून खासबाग मैदान बांधून घेतलं. १९१२ मध्ये ते सुरू झालं. मधोमध आखाडा खोलगट आणि चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही पैलवानाचा डाव दिसला पाहिजे. थोडक्यात काय, तर 'इन्फ्रास्ट्रक्चर' नावाची गोष्ट आपल्याला माहीत नव्हती असं कोणी म्हणू नये. माहीत होती, आणि उत्तम बांधलेलीही होती. फक्त ती मातीतल्या कुस्तीसाठी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं अशी कामंही त्यांनी केली असं सांगतात. मग कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्याकडे कुस्तीची तालीम चालू होती. इथला एक किस्सा प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत खाशाबा नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी त्यांची अंगकाठी बघूनच परत पाठवलं. हा एवढासा मुलगा काय कुस्ती करणार! खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या 'एवढ्याशा' मुलानं भल्याभल्यांना लोळवलं.

किस्सा गमतीचा आहे, पण त्यात एक खोच आहे. आपल्याकडे पैलवान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सहा फुटी, शंभर किलोचा गडी. दूध, बदाम, खुराक, फुगलेले कान आणि दारातून आत येताना तिरकं व्हावं लागेल असे खांदे. खाशाबा लंडनला लढले ते ५२ किलोंच्या गटात आणि हेलसिंकीला ५७ किलोंच्या. म्हणजे आपल्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा हलके. (उरलेल्या निम्म्यांपेक्षा किती हलके ते विचारू नका. ह. घ्या.) अशा माणसाला पैलवान म्हणून बघायची सवय आपल्या डोळ्यांना नव्हती. ऑलिम्पिकला मात्र वजनाशी काही देणंघेणं नसतं. तिथे ५७ किलोंच्या पदकाला तेवढीच किंमत असते जेवढी शंभर किलोंच्या.

कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि १९४८ मध्ये खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तिथे त्यांच्यासमोर पहिला प्रतिस्पर्धी उभा राहिला तो कुठल्याही देशाचा नव्हता. तो होता गादी, म्हणजे मॅट.

ज्यांनी कधी कुस्ती पाहिली नाही त्यांच्यासाठी इथे जरा थांबतो. मातीतली कुस्ती आणि गादीवरची फ्रीस्टाईल यांत फरक फक्त खाली काय अंथरलंय एवढाच नाही. आखाड्याची माती हळद, ताक, तेल, लिंबू घालून कमावलेली असते. अनवाणी पाय तिच्यात रुततो, माती अंगाला लावली की पकड बसते. गादीवर पायात बूट येतात, पावलाखालचा आधार बदलतो आणि घामानं अंग निसटतं. दुसरं म्हणजे निकाल. मातीत एकच निकाल खरा, चीतपट. समोरच्याची पाठ जमिनीला लावायची, त्याला आसमान दाखवायचं. तोपर्यंत घाई नाही. पालथा पडून राहिलेला पैलवान हरलेला नसतो, तो श्वास घेत असतो, जोखत असतो. जुन्या कुस्त्या तास तास चालल्याच्या गोष्टी आपण ऐकतो त्या यामुळेच. फ्रीस्टाईलमध्ये तेव्हा कुस्ती १५ मिनिटांची असायची. चीतपट झाली नाही तर तीन पंच कौल देणार. म्हणजे नुसतं न हरणं पुरेसं नाही, तुम्ही वरचढ आहात हे घड्याळ संपायच्या आत पंचांना दिसलं पाहिजे.

आपल्या भाषेत सांगायचं तर भाषा तीच वाटते, पण कंपायलर वेगळा. मातीत बिनचूक चालणारा कोड गादीवर कुठेतरी अडकतो.

लंडनच्या आधी रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं खाशाबांना गादीवरचं तंत्र शिकवलं. तेवढ्या तुटपुंज्या सरावावर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला हरवलं, अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. मग इराणच्या मन्सूर रईसीकडून हार झाली. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. जन्मभर मातीत खेळलेल्या २२ वर्षांच्या पोरानं जगात सहावं यावं ही साधी गोष्ट नव्हती. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपण कुठे कमी पडलो हे त्याला नेमकं कळलं होतं.

पुढची चार वर्षं खाशाबांनी स्वतःला बदलण्यात घातली. वजनगट बदलला, ५२वरून ५७ किलोंवर आले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान काखेत दाबून धरायची आणि अंगाला झोका देत त्याला उचलून पाठीवर टाकायचं. मातीतलाच डाव, पण गादीवर चालेल असा. मातीतलं काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे खाशाबांनी स्वतःच शोधून काढलं असणार. कारण त्यांच्या आधी हा रस्ता इतक्या दूरवर कोणी चाललंच नव्हतं.

*

आता १९५२. इथून पुढे पैशाचा हिशेब सुरू होतो, म्हणून जरा बारकाईनं.

पहिली अडचण निवडीची. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दास यांच्यापेक्षा खाशाबांना एक गुण कमी दिला गेला आणि हा निकाल चुकीचा असल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्र सिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. पुन्हा कुस्ती लावली गेली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली, असं सांगितलं जातं. आता यात एक गोष्ट बघा. न्याय मिळाला तो कुठल्याही नियमानं किंवा अपिलाच्या पद्धतीनं नाही. महाराजांनी ऐकलं म्हणून मिळाला. नसतं ऐकलं तर?

दुसरी अडचण पैशाची. हेलसिंकीला जायचा खर्च उभा करायचा होता आणि सरकारी मदतीवर विसंबून राहण्यासारखी परिस्थिती नव्हती. मग गोळेश्वर आणि कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्याला जे जमेल ते त्यानं दिलं. तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले.

हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. १९५२चे ७,००० रुपये. गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा. आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्याला परदेशी स्पर्धेला जाता यावं म्हणून आपण आपला फ्लॅट गहाण टाकू का? मी तरी प्रामाणिकपणे सांगतो, मला ते धाडस होणार नाही. आणि पदक मिळेल याची हमी कोणी दिली होती? चार वर्षांपूर्वीचा सहावा क्रमांक, एवढ्याच भांडवलावर एका शिक्षकानं घर पणाला लावलं.

हेलसिंकीला कुस्त्या होत्या मेसुहाली नावाच्या सभागृहात. त्या वेळची गुणपद्धत आजच्यापेक्षा वेगळी होती आणि ती समजल्याशिवाय खाशाबांचं पदक समजत नाही. तेव्हा पैलवानाच्या खात्यात दंडगुण जमा व्हायचे. म्हणजे शुद्ध निगेटिव्ह मार्किंग! चीतपट जिंकलात तर शून्य, पंचांच्या कौलानं जिंकलात तर एक, हरलात तर तीन. पाच किंवा जास्त झाले की घरचा रस्ता. असं करत करत शेवटी तिघे उरले की त्या तिघांच्या आपापसातल्या निकालांवर सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ठरायचं. आज कुस्तीत एका गटात दोन कांस्यपदकं देतात. तेव्हा एकच होतं.

या पद्धतीत चीतपट जिंकणाऱ्याला मोठा फायदा. आणि मातीतल्या पैलवानाला जन्मापासून दुसरं काय शिकवलेलं असतं? खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चीत केलं. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चीत केलं. दोन कुस्त्या आणि दंडगुण शून्य. पुढे जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला त्यांनी पंचांच्या २-१ अशा कौलानं हरवलं. म्हणजे कोल्हापूरच्या मातीनं पहिल्या दोन कुस्त्या जिंकून दिल्या आणि तिसरी जिंकून दिली ती चार वर्षांत शिकलेल्या गादीनं. माझ्या मते खाशाबांचं सगळं करिअर या तीन निकालांत आहे.

आता उरले जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव. इशीशी कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा कौलावर हरले. त्यानंतर लगेचच त्यांना ममादबेयोवसमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्धा तास विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण तो दाखवून भांडायला त्या वेळी तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. २३ जुलै १९५२. इशीला सुवर्ण, ममादबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

थोडं इशीबद्दल. महायुद्धानंतर १९४८च्या ऑलिम्पिकला जपानला बोलावलंच नव्हतं. १९५२ला ते परतले आणि त्या स्पर्धेत त्यांना एकच सुवर्ण मिळालं, ते इशीचं. म्हणजे आपल्यासारखीच परिस्थिती, खिसा रिकामा. पण पुढे बघा. जपाननं त्या पदकाला सुरुवात मानलं आणि १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकपर्यंत कुस्तीत ते महासत्ता झाले होते. आपण त्याच गटातल्या, त्याच दिवशीच्या पदकाचं काय केलं?

आपण मिरवणूक काढली.

मिरवणूक मात्र जोरदार निघाली. कराड स्टेशनवर दीडशेच्या आसपास बैलगाड्या सजवून लोक आले होते. ढोल-ताशे, फटाके, गुलाल. एरवी पाव तासाचा रस्ता पार करायला सात तास लागले अशी आठवण घरचे लोक सांगत आले आहेत. गोळेश्वर तेव्हा खरंच जगाच्या नकाशावर आलं होतं.

दिल्लीच्या नकाशावर मात्र नाही. त्याचं एक साधं कारण तारखांत सापडतं. खाशाबांचं पदक २३ जुलैचं. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतानं हॉकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सला ६-१ नं हरवलं. बलबीर सिंग यांनी एकट्यानं पाच गोल मारले. लागोपाठ पाचवं सुवर्ण! त्या संघाचे कर्णधारही के. डी.च, के. डी. सिंग 'बाबू'. देशाला त्या आठवड्यात एकच के. डी. लक्षात ठेवायला वेळ होता, आणि सुवर्णपदकवाल्याशी कांस्यपदकवाला कसा जिंकणार! त्याच स्पर्धेत आपले के. डी. माणगावे फेदरवेट गटात चौथे आले होते, हे तर क्विझवाल्यांनाही सहसा माहीत नसतं. एकाच ऑलिम्पिकमध्ये, एकाच खेळात, दख्खनच्या मातीतले दोन पैलवान तिसरा आणि चौथा. याला योगायोग म्हणायचं का? मला वाटतं नाही. तिथे काहीतरी पिकत होतं. फक्त कोणी पेरलेलं मोजलं नाही.

गावी परतल्यावर खाशाबांनी सगळ्यात आधी काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. त्यात स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिम्पिक पदक विजेता, आणि त्याची पदकानंतरची पहिली कामगिरी म्हणजे कर्जफेड. कोणी मागितलेली नसताना.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीनं १९५६चं मेलबर्न ऑलिम्पिक हुकलं. खात्याच्या स्पर्धा ते जिंकत राहिले, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. पण पदोन्नती फार उशिरा मिळाली. सत्तावीस वर्षं नोकरी करून असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि नंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना स्थान मिळालं होतं. १४ ऑगस्ट १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. हयातीत ना अर्जुन, ना पद्म.

मग सगळं सुरू झालं. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार १९९०च्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० साली. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव. १५ जानेवारी २०२३ला गूगलचं डूडल. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा 'राज्य क्रीडा दिन' म्हणून जाहीर झाला. उशिरा का होईना, झालं ते चांगलंच झालं.

*

पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. समजा हे सगळे पुरस्कार खाशाबांना १९५३ सालीच मिळाले असते, तर १९५६ला किंवा १९६०ला दुसरा खाशाबा तयार झाला असता का?

मला नाही वाटत. कारण खाशाबांना जे चार वर्षांत कळलं होतं, म्हणजे मातीतला पैलवान गादीवर कसा न्यायचा, ते कुठे साठवलं गेलं नाही. ज्याला ते येत होतं तो माणूस पोलीस ठाण्यात ड्यूटी करत होता. कराडला किंवा कोल्हापुरात एक हॉल, चार गाद्या, वीस हलक्या वजनाची पोरं आणि शिकवायला खाशाबा, इतकंच लागत होतं. आयटीवाल्यांना हे चांगलं समजेल. एखादा रिलीज बोंबलायची वेळ येते, टीममधला एक बहाद्दर तीन रात्री जागून तो वाचवतो, मेलवर सगळे 'ग्रेट जॉब' लिहितात, पार्टी होते. त्यानं नेमकं काय केलं हे कोणी विचारून ठेवत नाही. दोन वर्षांनी तो दुसऱ्या प्रोजेक्टवर जातो आणि पुढच्या रिलीजला पुन्हा बोंब. आपण 'हिरो'चा सत्कार करतो आणि त्याच्या डोक्यातलं त्याच्याच डोक्यात राहू देतो.

आणि दोष फक्त सरकारचा होता असंही नाही. आपल्या कुस्तीच्या जगालाही ५७ किलोंत रस नव्हता. १९५९ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले, १९६१ला महाराष्ट्र केसरी सुरू झाली. मैदानं ओसंडून वाहायची, पण मोठ्या पैलवानांसाठी. हलक्या वजनाच्या पोराला गदा नव्हती, मानधन नव्हतं, फेटा नव्हता. तो शहाणा असेल तर वजन वाढवायचा नाहीतर कुस्ती सोडायचा. मोठ्यांनीही कर्तबगारी गाजवली, नाही असं नाही. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी सुवर्णपदकं आणली. पण ऑलिम्पिकला आपली शरीरयष्टी हलक्या गटांतच टिकते, हे खाशाबा आणि माणगावे यांनी दाखवलं होतं आणि आपण तेच विसरलो. पुढे महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग आले. तोवर बराच काळ निघून गेला होता.

याच्या उलट दिल्लीत काय झालं बघा. १९८२च्या आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते सतपाल १९८८ मध्ये छत्रसाल स्टेडियममध्ये शिकवायला लागले. हे सतपाल मूळचे मातीतलेच. त्यांच्या कोल्हापुरातल्या कुस्त्यांच्या आठवणी जुनी मंडळी आजही काढतात. त्यांनी लहान पोरं निवडली, त्यांना तिथेच ठेवलं, रोज गादीवर उतरवलं. मोठा पोरगा धाकट्याला शिकवणार, धाकटा त्याच्या धाकट्याला. २००८ला बीजिंगमध्ये सुशील कुमारनं कांस्य मिळवलं, खाशाबांनंतर ५६ वर्षांनी कुस्तीतलं पहिलं पदक. २०१२ला सुशीलचं रौप्य आणि योगेश्वर दत्तचं कांस्य. टोकियोला रवी दहिया रौप्य, पॅरिसला अमन सेहरावत कांस्य. हे सगळे कधी ना कधी छत्रसालच्या गादीवर घडलेले. या स्टेडियमच्या वाट्याला पुढे काळे दिवसही आले, ते आपण बातम्यांत वाचलेत. पण एक पदक दुसऱ्या पदकाला जन्म देतं कसं, याचा धडा तिथे आहे.

आणि आता गंमत. टोकियोतलं रवीचं रौप्य आणि पॅरिसमधलं अमनचं कांस्य, दोन्ही कुठल्या गटात? ५७ किलो फ्रीस्टाईल! अगदी तोच गट. सत्तर वर्षांनी पदक बरोबर खाशाबांच्या वजनावरच परत आलं, फक्त पत्ता बदलला होता.

म्हणून २०१७ मधली एक बातमी मला पुरस्कारांच्या बातम्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. गोळेश्वरला कुस्ती अकादमी उभारण्याच्या घोषणा होऊन वर्षं उलटली होती आणि काम पुढे सरकत नव्हतं. तेव्हा खाशाबांच्या घरच्यांनी सांगितलं, की अकादमीसाठी हेलसिंकीचं पदक लिलावात काढायची आमची तयारी आहे. वडिलांचं पदक विकून घर चालवायचं नव्हतं, पोरांना खेळायला जागा बांधायची होती. घरच्यांना नेमकं कळलं होतं, काय जोडायचं राहिलंय ते.

१ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्य मिळवलं आणि महाराष्ट्राचा ७२ वर्षांचा दुष्काळ संपला. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, वडील शिक्षक. म्हणजे पुन्हा तोच मुलूख, तसंच साधं घर. पण साखळी वेगळी. हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला, रेल्वेत नोकरी मिळाली आणि पॅरिसला जाण्यासाठी त्याच्या कुठल्या मास्तरांना घर गहाण टाकावं लागलं नाही. परिपूर्ण आहे का ही व्यवस्था? मुळीच नाही. पण व्यवस्था आहे, कुणा एकाच्या चांगुलपणावर सगळं लटकलेलं नाही.

प्राचार्य खर्डेकरांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ज्या देशात पदकासाठी खर्डेकर लागतात, त्या देशाला दर पदकासाठी नवा खर्डेकर शोधावा लागतो. आणि असे लोक दर चार वर्षांनी जन्माला येत नाहीत.

२०२६ हे खाशाबांचं जन्मशताब्दी वर्ष. भाषणं होतील, हार घातले जातील, 'उपेक्षा' हा शब्द हजार वेळा ऐकू येईल. आपण निदान एक करू शकतो. पुणे-बेंगळुरू हायवेनं जाताना कराड लागतं, तिथे आपण नाश्त्याला थांबतोच. गोळेश्वर तिथून अगदी जवळ आहे. गाडी वळवा. पण पुतळ्यासमोर फोटो काढून निघू नका, जवळपासची एखादी तालीम बघा. तिथे एखादा पन्नास-पंचावन्न किलोंचा पोरगा सराव करत असेल. त्याला विचारा, गादी आहे का रे? बूट आहेत का? कोच कोण आहे? उत्तर 'नाही' असेल तर काय करायचं, ते खर्डेकरांपेक्षा फार स्वस्तात आपल्याला परवडतं.